पाणी न म्हणता पाणी

पेण

प्रिय विठू,

तुझं कार्ड मिळालं. ‘मास्तर, तहान भागवते, दोन अक्षरी, हे कोडं कुठल्या पेपरात आलं? बालवाडीत नाव घातलंस काय?’ असा टोमणा मारला आहेस. मार बाबा. धाटावच्या कंपनीतून सुटल्यापासून तुझ्या जिभेला दुसरं काम तरी काय आहे! हसलो, आणि मग कार्ड मांडीवर ठेवून तसाच बसून राहिलो. हल्ली असाच बसतो. रविवारचं गूढ शब्दकोडं समोर असतं आणि पेन्सिलीला टोक काढायचाही कंटाळा येतो.

शाळेतला आपला बाक आठवतो. गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे आणि तिसऱ्या कडव्याला माझी गाडी अडायची. तू खालून पुढच्या ओळीचं फक्त पहिलं अक्षर पुटपुटायचास. अख्खा शब्द कधी दिला नाहीस, मेल्या! पण त्या एका अक्षरानं सगळी ओळ दिवे लागावेत तशी उजळत जायची. रोह्याला गेलास तरी खोड तीच. ‘नऊ आणि अर्धा राजा, मिळून घरधनी’ यावर मी आठवडाभर डोकं फोडलं, तर तू कार्डावर एवढंच लिहिलंस, ‘भटजी नऊला काय म्हणतात ते बघ.’ मी ते मोठ्यानं वाचलं, आणि तांदूळ निवडता निवडता सगुणा म्हणाली, ‘नव, आणि राजातला रा. अवो, नवरा! तुम्हीच की ते!’ पदराआड किती वेळ हसत होती.

विठू, ती सोपी कोडी पेपरातली नव्हती. मीच रचली होती, सगुणासाठी. दसऱ्यानंतर एका सकाळी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हातपाय आता बरेच सावरलेत, पण शब्द हरवलेत. कळतं सगळं, सापडत नाही. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, शब्द आयता देऊ नका, खूण द्या, तिला शोधू द्या. म्हणून तुला विचारत होतो, पाणी न म्हणता पाणी कसं सुचवावं. ‘खाडीचं पाणी उन्हानं प्यालं, मागे काय उरलं?’ या तुझ्या खुणेवर तिला ‘मीठ’ सापडलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. पण ‘पाणी’साठी तिचे ओठ नुसते थरथरतात. शेजारची बायजा दारातूनच ओरडली, ‘अवो मास्तर, तिला तहान लागलीय नं? पानी द्या आधी! शाला नाय हाय ही!’ दिलं मी. थकलो रे. तुला आधी कळवलं नाही, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी या घराशी पूर्वीसारखं बोलावं असं वाटत होतं.

परवा पुन्हा पनवेलला गेलो. डॉक्टरांनी वाटी, कंगवा, किल्ली दाखवली. वाटी तिनं ओळखून सांगितली. मग त्यांनी विचारलं, ‘आजी, यजमानांचं नाव काय?’ तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, इतकं जवळचं नावच गेलं असेल तर फार आशा धरू नका, आणखी एकदा पाहू आणि उपचार थांबवू. त्या तरुण माणसाला मी सांगणार होतो, की हिनं उभ्या संसारात उखाण्याशिवाय माझं नाव घेतलेलं नाही. जीभ रेटली नाही. कारण ते नाव तिनं राखलंय की हरवलंय, हे मलाही ठाऊक नाही. माझ्यासमोर ती घेणार नाही, आणि विचारायचं धैर्य माझ्यात उरलेलं नाही. म्हणून हे पत्र. रविवारी ये. तिच्याजवळ बस, नव्या नवरीला करतात तसा उखाण्याचा आग्रह कर, चिडव, घाई मात्र करू नकोस. मी बाहेर ओट्यावर बसेन. दार तेवढं लोटू नकोस.

तुझाच, थकलेला,
दत्तात्रेय