चोवीस पितळी पट्ट्या

नाशिक, ता. २६ ऑक्टोबर १९३४

चि. त्रिंबक यास आक्काचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तुझा खोकला, सौ. भागीरथीचे गुडघे आणि मुलांचे गणित, तिन्ही सुधारणेच्या वाटेवर असतील असे समजून पुढे लिहिते.

तुझे पत्र पोचले. वाचनालयाचा सज्जा जुना झाला, तो उतरवून टाकावा. असल्या कामांत बायकांनी पडू नये. आणि लोखंडी पट्ट्या पाठवायला तुला अजून सवड झालेली नाही, इतके त्यात आहे. पहिल्या दोन गोष्टींना उत्तर देत नाही, कारण हे पत्र मी त्याच सज्जात बसून लिहीत आहे. तिसरीबद्दल एवढेच, की एकोणीस वर्षे तू मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात आहेस, तिथे लोखंडाखेरीज दुसरे काही दिसत नाही असे तूच सांगतोस, आणि श्रावणापासून बहिणीला चोवीस पट्ट्या मिळत नाहीत.

सौ. भागीरथीला सगळे ठाऊक नसेल (तू तिला माझ्या पत्रांतले सोयीचे तेवढेच वाचून दाखवतोस), म्हणून सांगते. आमच्या वाचनालयात खाली पुरुष बसतात आणि वर लाकडी सज्जात बायका. सज्जाला आठ खांब, दर खांबाला तीन सांधे, आणि प्रत्येक सांध्यात करंगळी जाईल एवढी फट. आमच्या अंगाने भरलेल्या वाचक कुसाबाई जिना चढून वर आल्या की खालच्या वकिलांच्या वर्तमानपत्रावर भुसा पडे. वकिलांनी तक्रार केली आणि कमिटीने ठराव केला, की दिवाळीपर्यंत सज्जा पक्का व्हावा, नाही तर पाडावा, आणि बायकांची पुस्तके खालच्या कपाटात ठेवावीत. त्या कपाटाची किल्ली चिटणिसांच्या जानव्याला असते. बहात्तर बायका इथे वाचायला येतात. त्यांतल्या तिघी चाळिशीनंतर मुळाक्षरे शिकल्या. त्यांनी चिटणिसांच्या जानव्याकडे बघत बसावे असे मला वाटले नाही.

पट्ट्या शोधायला मी मेन रोडवरची सगळी दुकाने पाहिली. एकाने ट्रंकेचे कोपरे दाखवले, दुसऱ्याने बिजागऱ्या, तिसऱ्याने थोडा विचार करून घोड्याचा नाल पुढे केला. ("हेसुद्धा लोखंडच की, बाई.") शेवटी भद्रकालीतल्या रहेमान लोहाराने, जो टांग्यांची कामे करतो, एका दिवसात काटकोनात वाकवलेली एक पट्टी करून दिली. अशी की मी तिच्यावर उभी राहून पाहिले. काम तिथेच संपायचे, पण आडवा आला आमचा भिमाजी सुतार. म्हणाला, "हा सांधा माझ्या बानं घातलाय, बाई. त्याला लोखंड ठोकलं तर म्हातारा सपनात येऊन माझा कान पिळंल. पितळ आणा, लावतो. पितळ म्हंजे दागिना, लोखंड म्हंजे ठिगळ." कॉलेजात पदार्थविज्ञानाला मला बक्षीस होते. लोखंड आणि पितळ यांच्या ताकदीतला फरक मी त्याला उभ्या उभ्या पाऊण तास समजावून सांगितला. त्याने मन लावून ऐकले आणि विचारले, "मग पितळ कवा आणताय?"

म्हणून तांबट आळीत भिका तांबटाकडे गेले. मापांची आकृती तुझ्याच श्रावणातल्या पत्राच्या पाठीवर काढली होती. (रेल्वेचा कागद जाड असतो. त्या पत्राचा दुसरा उपयोग नव्हता.) भिका चाळीस वर्षे घागरी आणि पातेली घडवतो. त्याला सरळ वस्तू कुणी मागितली नव्हती. "माझा हात गोल फिरतो, बाई," असे त्याने आधीच बजावले, आणि नमुन्याची पट्टी खरोखरच पोट सुटल्यासारखी आली. तिच्यात आमटी वाढता आली असती. मी काटकोन तपासायचा गुण्या लावून त्याची चूक दाखवली आणि भट्टीच्या धुरात डोळे पुसत दुसरी पट्टी होईपर्यंत तिथेच बसले. दुसरी बरोबर झाली. दोन सूत जाड, कोन चोख. बाकीच्या करायला सांगून मी दोन दिवस सिन्नरला शाळेची परीक्षा घ्यायला गेले. परत येते तो भिमाजीने चोवीसही पट्ट्या स्क्रू पिळून बसवल्या होत्या. कुसाबाई चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. भुसा पडला नाही.

सोमवारी कमिटी पाहणीला आली. मी अर्ध्या तासाचे भाषण तयार ठेवले होते, आकड्यांसकट. ते करावे लागले नाही. अध्यक्षांनी चष्मा लावला, पहिली पट्टी पाहिली, दुसरी पाहिली आणि तिसरीपाशी पगडी उतरवली. चिटणिसांनीही टोपी काढली. संध्याकाळच्या बैठकीत सर्वांनी उभे राहून एकमताने ठराव केला, की हा सज्जा कधीही पाडू नये. दिवाळीनंतरच्या रविवारी वार्षिक सभेची त्यावर मंजुरी झाली की तो दहा वर्षे बदलता येत नाही. (हा नियम मागे मीच घालून घेतला होता.) तेव्हा बायकांनी कशात पडू नये हे यापुढे मला लिहिताना विचार करून लिही.

मुलांना आशीर्वाद. इथे थांबते.

तुझी वडील बहीण,
आक्का

ता. क. पट्ट्यांवर नाव घातलेले आहे. मी घालायला सांगितले नव्हते. पण बिननावाचे पितळ भिकाच्या दुकानातून आजवर बाहेर गेलेले नाही, मग ते पंगतीचे पातेले असो की सज्जाची पट्टी. आकृतीच्या मागे तुझी सही होती. त्यामुळे चोवीस ठिकाणी 'त्रिंबक रघुनाथ गर्गे' असे आहे. अक्षर सुरेख आहे.

आणखी ता. क. नावाच्या आधी 'कै.' आहे आणि नंतर 'यांचे स्मरणार्थ'. मी भिकाला जाब विचारला. तो म्हणाला, "संस्थेला जिवंत माणूस कधी पितळ देतो का, बाई? अन् तुमच्या डोळ्यांत पाणी होतं." नाव घासून काढले तर पट्टी निम्मी होते. पट्टी काढली तर सज्जा तिच्याबरोबर खाली येईल, असे भिमाजी म्हणतो. ठरावाची नक्कल सोबत आहे. 'भगिनींनी आपला शोक मनातच ठेवून' हे शब्द कमिटीचे आहेत, माझे नाहीत. मी एक अक्षरही खोटे बोललेले नाही. तू जिवंत आहेस का, असे मला कुणी विचारलेले नाही. शेजारच्या धोंडाबाईंनी सुतकाचा म्हणून पिठलं-भात आणून दिला, तो मी खाल्ला. सभेची मंजुरी झाली की त्याच सभेत उभी राहून मी स्वतः खरे काय ते सांगेन. मग कुणाला काय करायचे ते दहा वर्षांनी करू दे.

शेवटचे. हे पत्र खरे तर एवढ्यासाठीच आहे. यंदा भाऊबिजेला येऊ नकोस. नाशिकरोडला गाडीतून डोकेसुद्धा बाहेर काढू नकोस, तिथले हमालही तुला ओळखतात. कमिटीचे दुखवट्याचे पत्र येईल, त्याचे उत्तर सौ. भागीरथीकडून लिहवून घे. तुझे अक्षर अध्यक्षांना शाळेपासून माहीत आहे. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसे मी यंदा गच्चीत उभी राहून चंद्राला ओवाळीन. सारी आळी बघेल. चंद्राला ओवाळणे खोटे बोलण्यात मोडत नाही. पण इतक्या वर्षांत पाटावर तू नाहीस असे कधी झालेले नाही, हेही लिहून ठेवते. पुढच्या वर्षी दोनदा ओवाळीन. तोवर प्रकृतीला जप. कमिटी एका माणसाचा दुखवटा दोनदा करत नाही.