कोंबड्याखालची फुली

बर्मिंगहॅम, अलाबामा
६ ऑक्टोबर १९७४

चि. होलिस, सौ. नेडीन आणि घरातल्या सर्वांना अनेक आशीर्वाद.

हे पत्र रविवारची जेवणं झाली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. हे एकट्या तुला लिहिलेलं नाही. ब्लेलॉक काउंटीच्या डोंगरात राहणाऱ्या आपल्या सगळ्या माणसांना आहे, ज्यांची नावं पुढाऱ्यांना निवडणुकीच्या महिन्यात आठवतात आणि फुकटचे तळलेले मासे खाऊ घातले की पुन्हा आठवेनाशी होतात. डांबरी रस्ता आपल्या वळणाच्या अलीकडेच थांबला. सूतगिरणी गेली, तिच्या मागोमाग बस गेली. आता काउंटीचं रुग्णालय जायची वेळ आली आहे आणि ते घालवायचं काम आपल्याच हातून करून घेणार आहेत.

घरपट्टी थोडी वाढवून रुग्णालय चालू ठेवावं का, असा प्रश्न ५ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर अगदी तळाला आहे. तिथे 'होय'पुढे फुली मारायची. तुमच्या लेकीला, रेनीला मार्चमध्ये बाळ होणार. रुग्णालय बंद पडलं, तर पोरीला शुगर गॅपचा घाट ओलांडून साठ मैल न्यावं लागेल. आई त्याच घाटात, खेचराच्या गाडीत गेली. तू तीन वर्षांचा होतास. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

काकवीचा डबा पोहोचला. इथल्या दुकानातल्या काकवीला आपल्या कढईचा धुरकट वास नाही. बिस्किटावर घातली आणि डोळे भरून आले, म्हातारी झाले बहुतेक.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई,
ऑर्डेला

*

शुगर गॅप
२० ऑक्टोबर १९७४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं. नेडीन म्हणाली, ताई जन्माने पुरुष असती तर एव्हाना गव्हर्नर झाली असती. मी म्हटलं, मग आम्हाला रोज भाषण ऐकावं लागलं असतं!

पशुखाद्याच्या दुकानात मात्र वारं उलटं आहे. डॉयल स्ट्रिंगफेलो राज्याच्या सिनेटला उभा आहे. तो सांगत फिरतो की आज घरपट्टी वाढली, की उद्या जमीन जाईल. वर आवाज खाली आणून म्हणतो, रुग्णालयातल्या खाटा ओढ्यापलीकडच्या काळ्या लोकांनीच भरायच्या आहेत, तुम्ही कशाला पैसे देता? माणसं माना डोलावतात. मीही तिथे गप्प उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, तुला ठाऊक आहे.

पण तुला शब्द देतो, माझी फुली 'होय'पुढे असेल. रेनीचं पोट दिसू लागलंय. ती तुझ्यासाठी अक्रोडाचा केक करून ठेवणार आहे.

रागावत जा, पण विसरू नकोस.
तुझा,
होलिस

*

शुगर गॅप
१० नोव्हेंबर १९७४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आपण हरलो. अगदी थोड्या मतांनी. काल काउंटीच्या कचेरीतून कळलं की शेकडो मतपत्रिकांवर रुग्णालयाची ओळ कोरीच होती.

ताई, त्यातली एक माझी आहे.

त्या सकाळी दाढी केली आणि बाबांचा काळा टाय बांधला. आठवतो ना? दफनाला आणि मतदानाला, दोनदाच बाहेर निघायचा. आई त्यांची कॉलर नीट करायची, हे तूच सांगितलेलं. गावात बँकवाला त्यांना त्या एकाच दिवशी मिस्टर टीग म्हणायचा आणि बाबा परतीच्या वाटेवर शीळ घालायचे. चर्चच्या सभागृहात कागद हातात आला आणि वर तो आपल्या पक्षाच्या निशाणीचा कोंबडा दिसला. बाबा म्हणायचे, कोंबड्याखालच्या गोलात एक फुली मारली की पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत गेलं, खालचं बारीक अक्षर वकिलांसाठी असतं. मी फुली मारली, कागद दुमडला, पेटीत टाकला. बाहेर येऊन शीळसुद्धा घातली. गाडीपाशी रेनी उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि तळाची ओळ आठवली.

लोकांनी ओरड केल्यावर काउंटीच्या कमिशनने ११ फेब्रुवारीला हाच प्रश्न पुन्हा ठेवलाय. तेव्हाही हरलो, तर रुग्णालयाला महिनाअखेर कुलूप. पण त्या कागदावर कोंबडा नसेल, नुसता प्रश्न. दुकानातली माणसं म्हणतात, कोंबडाच नाही तर जायचं कशाला?

मला काय म्हणायचं ते म्हण.
तुझा अपराधी,
होलिस

*

बर्मिंगहॅम
२५ नोव्हेंबर १९७४

चि. होलिस यास अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायला बसले होते, पण मला आधी माझंच सांगायला हवं.

मी दहा वर्षांची असताना बाबा मला मतदानाला घेऊन गेले. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, याचा त्यांना कोण अभिमान! कोंबड्याच्या डोक्यावर एक पट्टी होती, तिच्यावर अक्षरं होती. बाबांनी बोट ठेवून विचारलं, काय गं लिहिलंय? तिथे लिहिलं होतं की राज्य गोऱ्यांचंच. मी म्हटलं, काही नाही, पक्षाचं नाव आहे. लाज वाटली की भीती, आजही सांगता येत नाही. आठ वर्षांपूर्वी पक्षाने ते शब्द काढले, तेव्हा बाबा नव्हते.

त्या पट्टीने बाबांना काय दिलं, होलिस? वर्षातून एक दिवस मिस्टर म्हणवून घेणं. आणि उरलेले सगळे दिवस तिच्याच जोरावर वरच्यांनी रस्ता नेला, शाळा नेली. आई घाटात गेली तेव्हा काउंटीत रुग्णालय नव्हतं. ओढ्यापलीकडच्या बायकाही त्याच घाटात मरत होत्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. स्ट्रिंगफेलो आजही तीच पट्टी वाचतोय, फक्त आवाज खाली आणून.

मी तेव्हा बाबांना खरं वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी फुली मारली नसती का? कदाचित मारलीच असती. पण माहीत असून मारली असती.

म्हणून तुला एकच काम सांगते. मतपत्रिकेचा नमुना कचेरीत मिळतो, तो आण. ९ फेब्रुवारीच्या रविवारी चर्च सुटलं की बाबांचा टाय बांधून पायरीवर उभा राहा. भाषण करू नकोस, ते तुला जमायचं नाही. रेनीला शेजारी उभी कर, तिचा आठवा महिना सगळ्यांना दिसू दे. आणि त्या कागदावरचा प्रश्न पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखव.

जीभ चिकटली तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुझी,
ऑर्डेलाताई