दोन अस्थिर मालिका आणि एक सभासदत्व

मी, गहिनीनाथ म्हाळू आगलावे, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि रक्तदाब तेवढा चुलतभाऊ बद्रीनाथ याच्या आठवणीने वाढतो.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि दोन्ही गायी पत्नी छबुबाई हिला. गायी तशाही माझे ऐकत नाहीत.

२. संगणक आणि कालमालिकांची, म्हणजे वर्षानुवर्षांच्या आकड्यांची, पुस्तके माझी विद्यार्थिनी अकबरी शेख हिला, पण अटींवर. आकडे हाती आले की आधी आलेख काढून डोळ्यांनी बघावा, मग कसोटी लावावी. सरासरी एका जागी टिकत नसेल तर मालिका अस्थिर समजावी. अशा मालिकांवर थेट समीकरण बसवले की कशाचाही कशाशी संबंध लागतो. तिथे वर्षावर्षांतला फरक घेऊन मॉडेल बसवावे. मात्र दोन मालिका भरकटूनही एकमेकींना सोडून जात नसतील, तर नुसता फरक घेतल्याने ते नाते पुसले जाते. तिथे चूक-दुरुस्तीचे मॉडेल वापरावे, म्हणजे यंदा पडलेले अंतर पुढे किती भरून निघते तेही धरले जाते. दुष्काळाची वर्षे अपवाद म्हणून वगळू नयेत. बीडमध्ये ती वगळली तर उरते काय? मागची किती वर्षे धरायची हेही तपासून ठरवावे. छबुबाई भांडणात लग्नापासूनची सगळी धरते, तसे करू नये.

३. गावच्या दूध संस्थेचा अध्यक्ष बद्रीनाथ याला काहीही नाही. कारण असे. वार्षिक सभेत त्याने आलेख लावला: संस्थेचे सभासद वाढत गेले, तसतसे बोअरचे पाणी खोल गेले. म्हणून नवे सभासद घेणे बंद! त्याच सभेपुढे छबुबाईचा अर्ज होता. गायी ती सांभाळते, धारा ती काढते, डेअरीत दूध ती घालते, आणि सभासद मी. मी उठून म्हणालो, "दोन्ही मालिका अस्थिर आहेत. हा संबंध खोटा आहे."

बद्रीनाथ कडाडला, "अस्थिर? आमची संस्था अस्थिर करायला निघालास का बे?"

घोषणा सुरू झाल्या. माझ्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला होता. मला वाटले, चहाचे विचारताहेत.

४. सबब माझे सभासदत्व माझ्या मृत्यूनंतर छबुबाईला मिळावे. एक गेला, एक आली, आकडा तोच. बद्रीनाथच्या आलेखानेसुद्धा पाणी खाली जायला नको. तिला त्या सभेत खुर्चीवर बसलेली बघावी, एवढीच माझी इच्छा आहे.

५. वरील कलम छबुबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आकडा तितकाच ऱ्हातो, तर त्यासाठी तुमी मरायचं कावून? अन् मेल्यावर बघणार कसं? आजच नावावर करा की."

मला फार आनंद झाला. सबब कलम चार रद्द. हस्तांतराचा अर्ज आजच संस्थेत दिला. बद्रीनाथने तो उलटसुलट वाचला, भिंतीवरच्या आपल्याच आलेखाकडे पाहिले आणि सही केली.

मग म्हणाला, "पर आता तू सभासद न्हाईस. सभेत बसता येणार न्हाई."

मी खिडकीतून बघीन.

साक्षीदार:
रहमतुल्ला पठाण, मोटार वाइंडिंगवाले (सही)
सुभद्राबाई खेडकर, शेजारीण (सही)

लिहून ठेवणार: गहिनीनाथ म्हाळू आगलावे (सही)
तलवाडा, २ मे २०१६