चालताबोलता पेशंट

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज संध्याकाळची ओपीडी संपल्यावर जेवायचं सोडून मी तुम्हाला लिहायला बसलेय. राग आलाय म्हणून. तुमचाच. दुसऱ्या कुणावर काढला तर तो उलटून बोलेल.

विषबाधेचा पेशंट कसा बघायचा, ते तुम्ही आमच्या अंगात मुरवलंत. आधी श्वास, मग कपडे उतरवा, केसांसकट अंग धुवा. नातेवाइकांना काय घेतलं, किती, कधी, एवढंच विचारा. 'का' हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारायचा नाही. एकदा मी बॅटरी घेऊन पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्याच निरखत बसले होते, तर तुम्ही अख्ख्या वॉर्डासमोर ओरडलात, "बाई, डोळ्यांत काय हरवलंय तुझं? छाती ऐक! आतली घरघर जाऊन ती कोरडी होईपर्यंत अॅट्रोपिनचं इंजेक्शन थांबवायचं नाही." संध्याकाळी घरी नेऊन स्वयंपाकघरात बसवलंत आणि स्वतः पोहे केलेत. मीठ विसरला होतात. मी भीतीनं सगळे संपवले. तुमचा धाक अजून आहे, म्हणून तर असं भांडता येतंय.

परवा सकाळी दोघं लागोपाठ आले. एक गोदामात कीडनाशक फवारणारा तरुण, तोंडाला फेस, घामानं निथळणारा, श्वास घुसमटलेला. दुसरा डोंगराकडच्या वाडीवरचा मजूर, रोडपालीला एका प्लॉटवरचं गवत मारायला आलेला, दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आला. मुकादमानं तणनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून सावलीला ठेवलं होतं आणि तहानेच्या भरात यानं ते तोंडाला लावलं. "लगेच थुकलं मॅडम, जास्त नाय गेलं पोटात," तो मला समजावत होता. त्याच्या लघवीची तपासणी गर्द निळी आली, म्हणजे जीव घेण्याइतकं विष रक्तात भिनलं होतं. मुकादमाला झोडपून काढावंसं वाटलं.

आता बघा कसं उलटं आहे. तो फेसाळलेला पोरगा व्हेंटिलेटरवर आहे, सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघून हळहळतो, पण त्याची छाती कोरडी पडलीय, तो घरी जाईल. आणि हा चालताबोलता माणूस, ज्याला फक्त जिभेवर फोड आलेत, तो घरी जाणार नाही. किडन्या बसायला लागल्यात, पुढे फुप्फुसं आक्रसत जातील. याला उतारा नाही. साधा ऑक्सिजनसुद्धा गरजेशिवाय लावायचा नाही, त्यानं हे विष फुप्फुसं आणखी जाळतं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनीही हेच सांगितलं. मी सकाळपासून उगीच त्याच्या खाटेशी फेऱ्या मारतेय, नाडी बघितलेली पुन्हा बघतेय.

अशा पेशंटच्या नातेवाइकांना तुम्ही खोलीत न्यायचात आणि दार लावून घ्यायचात. आम्ही बाहेर उभे. माणसं बाहेर यायची ती रडत, पण तुम्हाला हात जोडून. आत तुम्ही काय बोलायचात? पहिलं वाक्य कोणतं असायचं? तेवढं सोडून सगळं शिकवलंत. मीही कधी विचारलं नाही, आणि आता विचारून तरी कुठे पाठवणार हा कागद?

दुपारी व्हेंटिलेटरवरच्या पोराची आई बाहेर बाकावर दुआ पुटपुटत बसली होती आणि या मजुराची बायको तिला आपल्या ग्लासातला चहा पाजत होती. "रडू नका हो. माझा मालक बगा कसा उटून बसलाय. तुमचा पोरगा पन बसल." मला बघून ती उठून आली. "मॅडम, त्या बिचारीच्या पोराकडं बगा आदी. आमचं काय, आमी उद्या जाऊ घरी. हाय का नाय?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, सर. आणि तुमचं ते पहिलं वाक्य शोधत राहिले. ती म्हणाली, "तुमाला बरं नाय का?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं कनवटीची बामची डबी काढली, मला बाकावर बसवलं आणि माझ्या कपाळाला बाम चोळला. मी चोळून घेतला.