फ्यूजमधली जाड तार

आई, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी होता तो लाकडी बोर्ड काल उतरवला. चिनी मातीचे ते दोन फ्यूज, काळी गोल बटणं, आणि कडेला तू दर दसऱ्याला हळदीकुंकू लावायचीस त्याची बोटं. पुसट झालीत, पण आहेत. त्या बोटांपायीच बाबा इतकी वर्षं बोर्डाला कोणाला हात लावू देत नव्हते, असं मी समजत होते. घराला रंग दिला तेव्हाही रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावली. मी दरवेळी भांडायचे, आणि ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे. शेवटी यंदा म्हटलं, बोर्ड बदलल्याशिवाय तुमच्या नातीला उन्हाळ्यात खामगावला आणणार नाही. तेव्हा कुठे हो म्हणाले.

तुझा त्या बोर्डावर कधीच विश्वास नव्हता. पावसाळ्यात बटणाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून तू लाटण्यानं दिवा लावायचीस. पिठाचं लाटणं, आणि त्यानंच दिवाही. वर मला दम द्यायचीस, "ओल्या हातानं बटन दाबशीन तं पाहाय मंग." मग तो लोखंडी कूलर आला. शेजाऱ्यांकडे होता, आपल्याकडे नव्हता, तेव्हा तुझा आनंद काय सांगावा! पण मोटर सुरू झाली की फ्यूज उडायचा. बाबा कचेरीतून दमून आलेले असायचे, ताटावरून उठायचे, स्टुलावर चढून नवी तार घालायचे. एक दिवस तूच वैतागलीस. "अहो, जाड तार टाकून द्या न एकदाची. घडीघडी लाइन जाऊन राह्यली." बाबांनी टाकली. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही, आणि वाळ्याच्या गार वासात आपण तिघं गाढ झोपायला लागलो.

मे महिना आहे. माझी बारावीची परीक्षा झाली आहे, मी आतल्या खोलीत लोळते आहे. तू मागच्या दारी कूलरमध्ये पाणी ओतते आहेस, कूलर चालूच आहे, कारण बंद केला की मी कुरकुरते. बादली पडल्याचा आवाज येतो. मी बाहेर येते तेव्हा बाबा बसायच्या पाटानं तुला कूलरपासून ढकलताहेत, आणि वर पंखा तसाच फिरतो आहे. फ्यूज उडालेला नाही. त्या पंख्याचा मला आजही राग येतो. कूलर दुसऱ्या दिवशी भंगारात गेला. बाबांनी पुन्हा घेतला नाही. खामगावच्या उन्हाळ्यात ते फरशीवर पाणी मारून झोपतात, आणि त्या दिवसाविषयी आम्ही दोघं कालपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो.

काल वायरमन आला. त्यानं अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घालून अर्थिंग केलं, जुन्या वायरी ओढून काढल्या. मग फ्यूज हातात घेऊन म्हणाला की काकाजी, एवढी जाड तार कोणी टाकली, घर पेटलं असतं. बाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "म्या टाकली. तिच्यानंच आमची बाई गेली." आई, तेव्हा मला कळलं की ते तुझ्या बोटांसाठी नव्हतं, किंवा नुसतं बोटांसाठी नव्हतं. त्यांना तो फ्यूज कोणी उघडायला नको होता. वायरमन खाली त्यांच्याजवळ येऊन बसला. "नाही काकाजी. माणूस मराले लागते तेवढ्या करंटनं फ्यूजची तार गरमबी होत नाही. बारीक असती तरी काकू वाचल्या नसत्या." बाबांनी हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांना तुझ्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं नवा बोर्ड दाखवला. त्यातल्या एका स्विचवर छोटं बटण आहे. माणसाला करंट लागला तर हे आपणहून सगळं तोडतं, म्हणाला, आणि ते बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत घरातली लाइन गेली. बाबांनी स्वतः दाबून पाहिलं. पंखा मंदावत थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तवा हे भेटत होतं काय?"

वायरमन बोलणार होता. मी आधी बोलले. म्हटलं, नाही बाबा, हे आत्ता आत्ता निघालंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाबा म्हणाले, "मंग ठीक आहे." रात्री पोटभर जेवले, आणि नातीसाठी कूलर आणू म्हणाले, प्लास्टिकचा.

संध्याकाळी मी वायरमनला सोडायला फाटकापर्यंत गेले, तेव्हा त्यानं हळू आवाजात सांगितलं की त्याचा उस्ताद तेव्हाही हे बसवत होता, इथंच, खामगावात.

हा कागद घरात ठेवता येणार नाही. बाबा हाती लागेल ते वाचतात. सकाळी चहाच्या आधी चुलीत घालीन. पण एकदा कोणाला तरी सांगायचं होतं. मिळत होतं, आई.