माझ्या हातचा एक्स्पोनंट

३ जून, सोमवार.
साहेबांनी आज स्पष्ट सांगितलं. नवा वजनकाटा शुक्रवारी गिऱ्हाइकाला दाखवायचा. नीट चालला तर सॉफ्टवेअर विभागाचं प्रमुखपद माझं. अकरा वर्षं वाट पाहिली.
काम क्षुल्लक आहे. काँप्युटर अपूर्णांकी आकडा दोनाच्या घाताच्या रूपात साठवतो. तो घात, म्हणजे एक्स्पोनंट, बाहेर काढायचा. त्यावरून काटा ठरवणार की ग्रॅम दाखवायचे की किलो. टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, सी भाषेत त्याचं तयार फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं. शिसारी आली. मी घाताचे बिट, म्हणजे शून्य-एकचे आकडे, स्वतः काढणार. उद्या जेवणाआधी.

४ जून, सकाळी ११.
घात तेवीस बिटांच्या डावीकडे असतो, म्हणून तो अपूर्णांकी आकडा, म्हणजे फ्लोट, सरळ तेवीस घरं उजवीकडे सरकवला. कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरने नकार दिला. हल्ली कंपायलरसुद्धा नाजूक झालेत.

दुपारी ४.
आकडा आधी इंटिजर, म्हणजे पूर्णांक, केला, मग सरकवला, आणि साठवताना घातात मिळवलेले एकशे सत्तावीस वजा केले. कंपायलर गप्प. उत्तर प्रत्येक वेळी उणे एकशे सत्तावीस. काट्यावर ठेवलेल्या विटेचंही तेच, स्टेपलरचंही तेच. निदान सातत्य आहे.

५ जून.
बाई न विचारता सांगून गेल्या की इंटिजर करताना बिटच बदलतात, ते जसेच्या तसे कॉपी करा. मी तेच करणार होतो. चालू झालं. चाळीस ओळी, सगळ्या माझ्या.
घरी सांगितलं, प्रमुख झालोच समज. बायकोने विचारलं, लेखी दिलंय का. या अविश्वासाचा वीट आलाय.

६ जून.
वीट, बाटली, स्वतःचा बूट, आग विझवायचा सिलिंडर, सगळं तोलून पाहिलं. अचूक. बाईंनी टेस्टची यादी मागितली. दिली नाही. मला काय परीक्षेला बसवताय?

७ जून, शुक्रवार.
गिऱ्हाइकाने काटा नुसताच चालू केला. वर काही न ठेवता! शून्याचे सगळेच बिट शून्य, त्यातून ते एकशे सत्तावीस वजा, त्यामुळे माझ्या फंक्शनने घात दिला उणे एकशे सत्तावीस. त्या घाताचं एकक माझ्या ग्रॅम-किलोच्या तक्त्यात कुठून असणार? पडद्यावर कचरा उमटला. गिऱ्हाइकाने नम्रपणे विचारलं, हे कुठलं माप.
रिकामा काटा तोलणाऱ्या माणसांची मला किळस येते.
बाईंनी माझ्या चाळीस ओळी काढल्या, त्यांची एक घातली. ते तयार फंक्शन शून्याचा घात शून्यच देतं; पडद्यावर शून्य आलं. एका शून्यावर साहेब एवढे खूष झालेले मी कधी पाहिले नव्हते.

१० जून, सोमवार.
प्रमुखपद बाईंना. निषेध म्हणून आठ दिवसांची रजा टाकली. काम अडलं की कळेल किंमत. अर्ज अर्थातच त्यांच्याकडेच द्यावा लागला.
त्यांनी तिथल्या तिथे सही केली. म्हणाल्या, "आठ कशाला, पंधरा दिवस घ्या. इथलं काही अडणार नाही."
अगदी मनापासून बोलल्या. त्याचंच फार वाईट वाटलं.