क्लेमेंटमामांच्या इंजिनाचं सील

उमेळे, वसई
११ जानेवारी १९९८

चि. नताशास,
क्लेमेंटमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझी आई परवा चर्चमध्ये भेटली. नाशिकची थंडी तुला बाधत नाही ना, असं तिने मला विचारलं, जणू मीच नाशिकला राहतो. मीही नाही बाधत म्हणून सांगितलं.

पत्राचं खरं कारण इंजिन. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं ऑइल सील पुन्हा गेलं. गेल्या पावसाळ्यानंतर हे तिसरं. ते दांड्याभोवती बसणारं काळं रबरी कडं गं, आतलं तेल बाहेर येऊ न देणारं. वालीवला फेबियनच्या दुकानातून आणतो, बसवतो, थोडे दिवस नीट चालतं आणि मग खाली तेलाचं थारोळं. आधीचं सील वर्षानुवर्षं टिकलं होतं. तू रसायनशास्त्र शिकून सीलच्याच कारखान्यात बसली आहेस, तर तुम्हा कारखानेवाल्यांना हल्ली झालंय तरी काय ते कळव. मेलेलं सील सोबत पाठवतो. मामीने ते केळीच्या सोपटात बांधून दिलंय, त्यामुळे तुमच्या लॅबमध्ये वसईचा वास सुटेल.

आता चेष्टा पुरे. नव्या इमारती झाल्यापासून विजेला जोर नाही, मोटर नुसती गुणगुणते. पानवेलींना रोज पाणी लागतं. इंजिन बंद पडलं की वेली माना टाकतात. बिल्डरचा माणूस दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ओट्यावर येऊन बसतो. इंजिन धड चाललं तर त्याला नाही म्हणेन. नाही चाललं तर ईस्टरनंतर वाडी देऊन टाकायची, असं मी मनाशी धरलंय. मामीला अजून बोललो नाही, तूही बोलू नकोस.

तब्येतीला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
क्लेमेंटमामा


नाशिक
१९ जानेवारी १९९८

ति. क्लेमेंटमामांना,
नताशाचा शि. सा. न. वि. वि.

वाडी द्यायचं वाचलं आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. त्या वाडीत मी चालायला शिकले, मामा. पण मग सोपट सोडून सील हातात घेतलं, आणि खरं सांगते, भूक आणि दुःख दोन्ही विसरले. असं मेलेलं सील मी अजून पाहिलं नव्हतं.

रबराच्या मरायच्या मुख्य तऱ्हा दोन. न मानवणारं तेल प्यायलं की ते फुगतं, लिबलिबीत होतं. उष्णता जास्त झाली की कडक होतं, तडकतं. तुमचं सील मुळीच फुगलेलं नाही. म्हणजे फेबियनला शिव्या देऊ नका, त्याने नायट्राइल रबरच दिलंय. ते तेलाला उत्तम आणि साधारण शंभर अंशांपर्यंत तापलं तरी कुरकुर करत नाही. हे भाजून मेलंय. आणि नवल असं की तेलाकडची बाजू अजून नखाने दबते, बाहेरची, हवेकडची बाजू मात्र पापडासारखी मोडते. नुसत्या तेलाच्या तापाने मेलं असतं तर आतली कडही इतकी शाबूत राहिली नसती. आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंना दाखवलं. तुझे मामा इंजिन चुलीवर ठेवतात का, असं त्यांनी मला विचारलं.

मग कुठलं रबर द्यावं, यावर आम्ही दोघी दुपारभर बोलत बसलो. सिलिकॉन तापाला दाद देत नाही, पण गरम तेलात दुबळं होतं आणि फिरत्या दांड्यापाशी फाटतं, म्हणून ते नको. अॅक्रिलिक रबर दीडशे अंशांतही तेलात टिकतं. पाण्याशी तेवढं त्याचं वाकडं आहे, तेव्हा इंजिनावर विहिरीचं पाणी उडू देऊ नका. त्याचं सील पाठवते आहे. आणि एवढं जरूर कळवा: तेल कुठलं घालता, ते कधी बदलता, इंजिन रोज किती वेळ चालतं, आणि इंजिनाच्या आजूबाजूला काय आहे?

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता राहावा.

आपली,
नताशा


उमेळे, वसई
२२ फेब्रुवारी १९९८

चि. नताशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं अॅक्रिलिक शूर निघालं. फेबियनच्या सीलपेक्षा जास्त दिवस टिकलं, पण काल तेही पाझरायला लागलं. इंजिन इतकं तापतं की हात लावला तर चटका बसतो. फेबियनचं म्हणणं, डिझेलमध्ये भेसळ असणार. त्याला जगात सगळीकडे भेसळच दिसते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. तेल नेहमीचंच, ज्या डब्यातून तुझे आजोबा घालायचे त्याच कंपनीचं. काळं पडायच्या आत बदलतो. इंजिन सकाळी चहा झाल्यावर सुरू करतो ते जेवणापर्यंत. यंदा पानं बरी आली आहेत, पण खालच्या बाजूच्या दोन रांगा सुकल्या. वेल मेलेली बघवत नाही गं मला.

बाकी, वाडीला लागून झालेल्या इमारतीत गेल्या पावसाळ्यानंतर शांताराम म्हणून कोकणातले एक गृहस्थ राहायला आलेत. बायकोचं नाव जयवंती. त्यांची खिडकी बरोबर आपल्या विहिरीवर. वालीवला एका कारखान्यात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात बिचारे. अजून बोलणं झालेलं नाही, पण माणसं फार सभ्य. कधी तक्रारीचा शब्द नाही.

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आले, मटण बंद, तेव्हा मेसमध्ये मासे मिळत असतील तर खा. आठवण ठेव, आम्ही रोज काढतो.

तुझा,
क्लेमेंटमामा


नाशिक
२ मार्च १९९८

प्रिय कार्मिनमामीस,
नताशाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच लिहिते आहे आणि मामांना दाखवायचं की नाही ते तूच ठरव. मी त्यांना चार प्रश्न विचारले होते. त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं आली. इंजिनाच्या आजूबाजूला काय आहे, हे मात्र त्यांनी सफाईने गाळलं आणि शेजाऱ्यांबद्दल लिहीत बसले. मामा विसरणारे नाहीत. लपवताना मात्र ते असेच एकदम गप्पिष्ट होतात, हे तू मला लहानपणी शिकवलंस.

लॅबच्या बाई म्हणतात, सरळ फ्लोरो रबराचं सील दे. ते दोनशे अंशांतही तेलात तग धरतं. महाग असतं, पण नमुन्याचं एक मला मिळेल. मला मात्र झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. हवेवर थंड होणारं साधं इंजिन, उघड्या वाडीत, दीडशे अंश सोसणाऱ्या रबराला बाहेरून भाजतं कसं? एकदा विहिरीवर जाऊन ये आणि दिसेल ते लिही.

तुझ्या हातच्या टम्म तळलेल्या फुगियांची फार आठवण येते. माया आहेच, तिच्यासोबत डबाही पाठव.

तुझी,
नताशा


उमेळे, वसई
९ मार्च १९९८

चि. नताशा हिस,
मामीचे आशीर्वाद आणि गोड पापा.

तुझं पत्र आलं तशी मामा पानं द्यायला बाजारात गेल्याचं बघून मी विहिरीवर गेले. इतकी वर्षं इंजिनाचं खोपट त्याचं आणि स्वयंपाकघर माझं, असा आमचा रिवाज, म्हणून मी तिकडे कधी डोकावले नव्हते. दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. खोपटाला आतून चारी बाजूंनी गोणपाट ठोकलेलं. आणि इंजिनाला सुंभाने गच्च बांधलेली माझी लग्नातली गादी! धुराचा पाइप आणि पट्टा तेवढे बाहेर. ती गादी पिंजाऱ्याकडे दिली आहे असं मला सांगितलं होतं. कापूस पार तपकिरी झालाय. आग लागली नाही ही देवाची कृपा.

आल्यावर त्याला धरलं. आधी म्हणाला उंदरांसाठी. मग कबूल झाला. इंजिन सुरू केलं की शांतारामांची खिडकी बंद होते, हे त्याने रोज पाहिलं. रात्रभर राबून आलेल्या माणसाच्या उशाशी ढोल कसा वाजवायचा, म्हणाला. ते काही बोलले का, असं मी विचारलं. तर म्हणे, सभ्य माणूस तोंडाने कशाला बोलेल, खिडकीच लावणार.

आता काय बोलावं या माणसाला? मला राग येतो आणि रागावताही येत नाही. बिल्डरच्या माणसाचं त्याने तुला लिहिलं असणार. तो मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. पण वाडी गेली तर सकाळी उठून मी कुठे जायचं, हे मला कळत नाही, नताशा.

फुगिया ईस्टरला. तोवर आमच्यासाठी एक आमोरीची प्रार्थना म्हण.

तुझी,
कार्मिनमामी


नाशिक
१६ मार्च १९९८

ति. क्लेमेंटमामांना,
शि. सा. न. वि. वि.

मामीवर रागावू नका, तिला मीच पाठवलं होतं. तिच्या पत्रात गादीचं वाचून मी आधी हसले, मग मला रडू आलं, आणि मग मी लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. बाई म्हणाल्या, इतक्या चाचण्या केल्या, पण गादीची चाचणी पुस्तकात नाही.

फ्लोरो रबराचं सील सोबत पाठवते. ते गादीतही जगेल. पण इंजिन जगणार नाही, मामा. हवाच लागली नाही तर आतला पिस्टन एक दिवस अडकून बसेल, आणि मग हे धडधाकट सील घेऊन मी काय करू? दोन महिने मी कुठलं रबर, कुठलं रबर करत बसले. त्याला भाजतंय काय हे आधी बघायला हवं होतं.

गादी आजच्या आज काढा. आणि शांतारामकाकांना सरळ विचारा. त्रास होत असेल तर लांब पाइपचा सायलेन्सर लावू, वेळ बदलू, काहीतरी वाट काढू. तुम्ही त्यांची झोप जपलीत याचा मला अभिमान वाटतो. पण वाडी राहावी असं मला त्याहून जास्त वाटतं.

उत्तराची वाट पाहते. या भाचीवर लोभ असू द्या, आगाऊ असली तरी.

आपली,
नताशा


उमेळे, वसई
१९ एप्रिल १९९८

चि. नताशास,
अनेक आशीर्वाद आणि ईस्टरच्या शुभेच्छा. फुगियांचा डबा तुझ्या आईबरोबर येतोच आहे.

गादी काढली, पण विचारायची हिंमत काही मला झाली नाही. शेवटी तुझ्या मामीने परस्पर जयवंतीबाईंना चहाला बोलावलं, आणि मागोमाग शांतारामही आले. मी मान खाली घालून बसलो. मामीने खिडकीचा विषय काढला. तर ते म्हणाले की खिडकी उजेडासाठी लावतात. दिवसा झोपणाऱ्या माणसाला अंधार लागतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! आवाजाचं म्हणशील, तर कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीत त्यांचं आयुष्य गेलं. इंजिनाच्या ठेक्यावर त्यांना गाढ झोप लागते. उलट ते मध्येच बंद पडलं की दचकून जागे व्हायचे. काय झालं म्हणून विचारावं असं त्यांना फार वाटायचं, पण आपण नवीन, शेजाऱ्याच्या इंजिनात कशाला नाक खुपसा, म्हणून तेही गप्प. जयवंतीबाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. मामी अजून हसत नाही, गादीचं मनात आहे.

फेबियनचं साधं नायट्राइलच बसवलं. तेव्हापासून तेलाचा टिपूस नाही. तुझं फ्लोरो रबराचं सील परत पाठवतो, ज्याला खरोखर भाजत असेल त्याला दे. सुकलेल्या रांगांत नवीन वेली लावतो आहे.

आज मिस्सा सुटल्यावर बिल्डरचा माणूस आला. मी वेलींना पाणी सोडत होतो म्हणून तो थेट विहिरीवर आला. पुष्कळ बोलला. हातवारे केले, बोटांवर आकडे दाखवले. गादी काढलेल्या इंजिनापुढे मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मग त्याने खूण केली की जरा इंजिन बंद करा.

मी सांगितलं, शेजारी झोपलेत, बंद केलं तर उठतील.

लोभ असाच चालू राहू दे.

तुझा,
क्लेमेंटमामा